सुळक्यावर ठेवलेली नजर

हे लिहायला बसण्यापूर्वी वाचकांची क्षमा मागितली पाहिजे. आयुष्यात मी पुष्कळ कागद काळे केले, पण ते सारे शेतांचे होते: अमक्या दगडापासून तमक्या दगडापर्यंत इतक्या साखळ्या, मध्ये ओहोळ, डाव्या हाताला आंब्याचे झाड. अशा मजकुरात 'मी' हा शब्द कधी येत नाही, आणि तो न येण्याची मला इतकी सवय झाली आहे की आता तो लिहिताना हात अडखळतो. शाळेत संस्कृतात बक्षिसे मिळाली होती, महाविद्यालयाची दोन वर्षेही झाली होती. पुढे मोजणी खात्यात नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत मी दुसऱ्यांच्या जमिनी कागदावर उतरवीत राहिलो. या वयात, हाती लेखनाचा कसलाही अनुभव नसताना, स्वतःविषयी लिहायला घ्यावे हे धार्ष्ट्यच आहे. पण एक गोष्ट मी घरात सांगितली नाही, कचेरीत सांगितली नाही, आणि जिला सांगायला हवी होती ती आता हयात नाही. म्हणून कागदाला सांगतो आहे.

माझी पनवेल तालुक्यात बदली झाली तेव्हा स्वराज्याला काही वर्षे उलटली होती आणि दारूबंदी कडक होती. दारूबंदीचा आणि माझ्या मानेचा संबंध पुढे येईल.

आमच्या कामाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. तीन पायांच्या तिवईवर एक चौकोनी फळी बसवायची. पाण्याच्या बुडबुड्याने ती सपाट आहे की नाही ते पाहायचे. फळीवर नकाशाचा कागद आणि कागदावर एक पितळी पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना उभ्या फटी असतात. त्या फटींतून दूर रोवलेल्या निशाणाकडे पाहायचे. निशाण बरोबर रेषेत येईपर्यंत, मोजणीची साखळी आणि निशाण सांभाळणाऱ्या साखळीवाल्याला हाताने खूण करायची, डावीकडे, उजवीकडे, थांब. मग मान खाली घालून कागदाकडे, पुन्हा मान वर करून निशाणाकडे. एक वीत अंतरावरून एकदम अर्ध्या मैलावर, आणि अर्ध्या मैलावरून परत एका वितीवर. दिवसातून असे किती वेळा होते ते मी कधी मोजले नाही, मोजणीदार असूनही.

त्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी मान धरली. उठून बसलो तर डोके उजवीकडे वळेना. घरचे म्हणाले, उशी बदला. उशी बदलली. पत्नीने कढईत मीठ तापवून त्याच्या पुरचुंडीने शेकले. इकडे मिठाला तोटा नाही, त्यामुळे शेक मनसोक्त झाला. चार दिवसांनी मान वळू लागली, पण कवटीच्या खाली, जिथे केस संपतात तिथे, एक दुखरी गाठ कायमची बसली.

पंधरा-वीस दिवसांनी दुसरे सुरू झाले. कागदावरून नजर उचलून दूर टाकली की दूरचे लगेच दिसेना. निशाणाची काठी एक काठी न राहता धुरकट पट्टा व्हायची. डोळे मिचकावून, श्वास धरून थोडे थांबले की तो पट्टा आवळत आवळत पुन्हा काठी व्हायचा. परत खाली पाहिले की आता कागदावरच्या रेघा विरघळलेल्या. आणि या दोन्हींच्या मधल्या त्या काही क्षणांत पायाखालची जमीन हळूच एका बाजूला सरकायची, खाडीतल्या होडीत उभे राहिल्यावर फळ्या सरकतात तशी. गरगरणे नव्हते. जग फिरत नव्हते. जग जागच्या जागी होते, मीच त्यावर नीट ठेवला गेलेलो नव्हतो.

मी तीन दारे ठोठावली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही. त्यांनी मला खुर्चीत ताठ बसवून, हनुवटी टेकवून अक्षरे वाचायला लावली होती आणि तसा ताठ बसलो असता मला सगळे दिसत होते. वैद्यांनी नाडी पाहून पित्त ठरवले आणि काढा दिला. हाडे बसवणारा एकजण होता, त्याने मान कडकन मोडली आणि दोन दिवस मला अंथरुणातून उठता आले नाही. मानेचे दुखणे एका दारात, डोळ्यांचे दुसऱ्या, तोल जाण्याचे तिसऱ्या. ही तीन दुखणी एकमेकांची सख्खी असतील हे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि खरे सांगायचे तर माझ्याही आले नाही. मी शिकलेला माणूस. तिवईचा एक पाय आखूड झाला तर फळी कशी कलते हे रोज पाहणारा. तरी नाही.

रजा मागायला हवी होती. पण काय कारण लिहायचे? ताप नाही, जखम नाही, डॉक्टरांचा कागद म्हणतो डोळे उत्तम. मला माणसांसमोर बोलण्याचा लहानपणापासून संकोच आहे. वरिष्ठांसमोर तर जीभ टाळूला चिकटते. मी गप्प राहून काम करीत राहिलो.

त्या उन्हाळ्यात गव्हाणच्या बाजूच्या एका गावी हद्दीचे काम निघाले. एका आगरी कुटुंबाचे भाताचे शेत होते, आणि त्याला लागून दुसऱ्या मालकाचे मिठागर. मधला जुना बांध उधाणाने दोनदा फुटला होता, हद्दीचा एक दगड वाहून गेला होता, आणि तो कुठे होता यावर दोन्हीकडची माणसे हातघाईवर आली होती. जुन्या नकाशावरून रेघ धरून दगड पुन्हा रोवायचा, एवढेच माझे काम. पण शेत आणि मिठागर यांच्यामधली रेघ दोन शेतांमधल्या रेघेसारखी नसते. शेताची पट्टी चुकून शेजारच्या शेतात गेली तर पुढेमागे परत मिळू शकते. मिठागरात गेली की तिथे खारे पाणी घेतात, आणि मग त्या मातीत भात पिकत नाही.

सकाळी नऊच्या सुमारास फळी मांडली. माझा साखळीवाला पन्नाशीचा होता, वीस वर्षे खात्यात काढलेला, त्याच पट्ट्यातला. तो निशाण घेऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेला. दोन्ही बाजूंची वीस-पंचवीस माणसे जमली होती. मिठागराच्या कोंड्यांमध्ये, म्हणजे खारे पाणी साठवायच्या वाफ्यांमध्ये, मीठ धरले होते आणि त्यावर ऊन असे पडले होते की डोळे उघडे ठेवणे ही शिक्षा वाटावी.

मी नकाशावर पट्टी लावली, मान वर केली, फटीतून पाहिले. निशाणाच्या जागी पट्टा. थांबलो. पट्टा आवळेना. लोकांची कुजबुज ऐकू येत होती. मी हाताने खूण केली, डावीकडे, आणखी डावीकडे, आणि त्या धुरकट पट्ट्याचा मध्य जिथे असावा असे वाटले तिथे हात खाली केला. साखळीवाल्याने खुंटी ठोकली.

आता आमच्या कामातला एक नियम आहे. एका टोकावरून रेघ धरली की फळी उचलून दुसऱ्या टोकाला न्यायची आणि तिकडून उलट पाहायचे. दोन्हीकडून रेघ तीच आली तर ती खरी. हा नियम मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो आणि त्या दिवसापर्यंत कधी मोडला नव्हता.

मी बांधावरून दुसऱ्या टोकाकडे निघालो. बांध दीड हात रुंद. एका बाजूला कापलेल्या भाताचे खुंट, दुसऱ्या बाजूला मिठाचे पाणी. पाय कुठे पडतो ते पाहायला मान खाली घातली, मग टोक किती दूर आहे ते पाहायला वर केली, आणि बांध माझ्याखालून सरकला. मी दोन्ही हात पसरून एका पायावर डोललो, दुसरा पाय कोंडीत गेला, आणि साखळीवाला धावत येऊन दंड धरीपर्यंत तसाच हेलकावत राहिलो.

मग एक आवाज आला, "सायेब सकालीच घेऊन आला रं!"

हशा पिकला.

"सरकारनं बंद केली ती आपल्यासाठी. सायबाला परमिट आसल."

"आपल्याच भट्टीची तं नाय?"

"छ्या! आपलीनं मानूस असा नाचत नाय, सरल झोपतो."

दोन्ही बाजूंची माणसे हसत होती. भांडायला आलेली ती मंडळी सकाळपासून पहिल्यांदाच एका गोष्टीवर एक झाली होती. साखळीवाला हळूच म्हणाला, "सायेब, बसा थोडं. तोंडाचा रंग उतरलाय. मंग फली तिकडं नेऊ."

तिकडे न्यायची म्हणजे तोच बांध पुन्हा, त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी म्हणालो, "गरज नाही. खुंटी बरोबर आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांत त्याने असे ऐकले नसावे. पण साहेब म्हणतो म्हटल्यावर त्याने दगड रोवला.

एवढेच. माझ्या हातून जे घडले ते एवढेच. ते लिहायला दोन ओळी लागल्या.

आठवड्याने तक्रार आली. शेतवाल्या कुटुंबाच्या मुलाने अर्ज केला होता: मोजणीदार दारूच्या अमलाखाली होता, त्याला उभे राहता येत नव्हते, सबब त्याने घातलेली हद्द रद्द करावी. दारूबंदीच्या दिवसांत सरकारी नोकरावर हा आळ म्हणजे नोकरी तर गेलीच, शिवाय पोलिसांची पायरी. मी आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता. आणि तरीही अर्ज वाचताना मला भीती वाटली ती आळाची नव्हे. अर्जाचे कारण खोटे होते, पण त्यातली मागणी कदाचित खरी होती, आणि हे साऱ्या तालुक्यात मला एकट्याला ठाऊक होते.

पनवेल तेव्हा लहान होते. अर्ज कचेरीत पोहोचण्याआधी बातमी बाजारात पोहोचली. त्या संध्याकाळी घरी आलो. पत्नी नेहमीप्रमाणे कोट घ्यायला पुढे आली. मी बाहीतून हात काढीत असताना ती नेहमीपेक्षा एक पाऊल जवळ उभी राहिली, आणि कोट हातावर घेता घेता तिने श्वास आत ओढला. अगदी हलकेच. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तिला कळले की मला कळले आहे. तिचे डोळे भरून आले.

"मीठ तापवू का मानेला?" ती म्हणाली.

"तापव," मी म्हणालो.

बारा वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. त्या एका श्वासाबद्दल मी तिला आजही दोष देत नाही. माणूस डोलतो तर त्याचे एकच कारण त्या काळी सर्वांना माहीत होते.

चौकशीला जिल्ह्याचे साहेब येणार होते. रस्त्याने जाताना मी भिंतीच्या कडेने चालू लागलो, म्हणजे तोल गेलाच तर हात टेकता येईल. दुकानांच्या पाट्या वाचायचे टाळू लागलो. कोणी हाक मारली तर मान वळवायची नाही, सगळे अंग वळवायचे. जेवताना ताटाकडे पाहिले की घास घशाशी येई. एक दुपार मी आमच्या परसातल्या विहिरीच्या कठड्याला धरून उभा होतो. पाण्याकडे पाहत होतो. नजर त्या पाण्यावर स्थिर होईना. आपण इथे कशाला उभे आहोत हा प्रश्न मनात आला तेव्हा मी घाबरून घरात आलो आणि त्यानंतर विहिरीकडे गेलो नाही.

शेवटी साखळीवालाच म्हणाला, "सायेब, पायालूची लाथ घ्या."

आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेले माणूस पायाळू. उसण भरली, पाठ धरली की पायाळू माणसाने पाय लावला म्हणजे दुखणे सुटते अशी समजूत आपल्याकडे घरोघर आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवीत नव्हतो. पण ज्यांच्यावर विश्वास ठेवला होता ती तिन्ही दारे बंद झाली होती.

"कोण आहे पायाळू?" मी विचारले.

तो घुटमळला. "तीन गावांत एकच हाय. पन... अर्ज दिला ना, त्याची आये."

"त्या घरात मी कसा जाऊ?"

"घर कंचंबी आसंना, सायेब. पाय तिचाच हाय. पोरगा दिवसभर बाहेर आसतो."

मी गेलो. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. ज्याने माझ्यावर फिर्याद केली त्याच्या अंगणात, उंबऱ्याबाहेर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर मी पालथा पडलो, आणि साठी उलटलेल्या एका बाईने माझ्या मानेवर आपले पाऊल तीन वेळा टेकले. लाथ म्हणायची, पण ती फुंकरीएवढी हलकी होती. टाच मात्र फुटलेल्या कौलासारखी. जन्मभर मिठागरातून मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेल्या बाईची टाच.

"उठ आता. मागं वलून बगायचं नाय," ती म्हणाली.

"आजी, मला वळताच येत नाही," मी म्हणालो.

ती हसली. दात फार उरले नव्हते, पण हसणे खणखणीत होते. मग मी उठून, कपडे झाडायला खाली पाहिले, अंगणाबाहेरचा साखळीवाला कुठे आहे ते पाहायला मान वर केली, आणि डोललो. मेढीला हात टेकला.

तिचे हसणे थांबले. "परत कर," ती म्हणाली.

"काय?"

"खाली बग. आता लांब बग."

मी पुन्हा डोललो.

"तू पिऊन नव्हतास," ती म्हणाली. विचारले नाही, सांगितले. "पिनारा आदी पाय सोडतो. तू आदी डोले सोडतोस, मंग पाय. पाटीवाल्या बायांना व्हतं हे. वज्यानं मान मोडली ना, का डोला ठरत नाय, आन् डोला ठरला नाय का बांध हालतो. माज्या जावंला झालं व्हतं. दोन मयने."

मी त्या तीन दारांतून जे ऐकायला आसुसलो होतो ते मला अर्जदाराच्या अंगणात, एका निरक्षर बाईच्या तोंडून मिळाले. मान, डोळा, तोल. तिने एका वाक्यात तिन्ही एका दोरीत ओवले. मला तिथेच बसून रडावेसे वाटले.

"मग जावेने काय केले?"

"पायाकडं बगायचं सोडलं. डोक्यावर पाटी हाय आसं समज. पाटीवाली कदी पायाकडं बगते का? लांबचं एक काय तरी धर, झाड नाय तं देऊल, आन् डोला तितंच ठेव. मान एकटी वलवायची नाय, आंग संगं वलव. पाय आपला रस्ता बरोब्बर धरतात. त्यांना काय शिकवायला नको."

तिने मला अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीत मी सरळ चाललो. निघताना तिने विचारले, "पोरगा म्हनतो, तू रेग चुकीची टाकली."

मी कोटाची बटणे लावू लागलो.

"रेग बरोबर हाय ना, सायबा?"

"दगड नकाशाप्रमाणेच रोवला आहे, आजी," मी म्हणालो. कचेरीतले वाक्य होते. तिला त्याचा अर्थ लागला नसावा, किंवा पुरता लागला असावा. ती म्हणाली, "मंग झालं."

चौकशी पनवेलच्या सरकारी बंगल्याच्या आवारात झाली. साहेब भला माणूस होता; उगाच छळणारा नव्हता. अर्जदार मुलगा, दोन-चार गावकरी, मिठागराचा मालक, साखळीवाला, आणि एका बाजूला पदर डोक्यावर घेऊन बसलेली ती. मुलाने तिला साक्षीला आणले होते. बांधावर त्या दिवशी तीही होती.

"तुम्ही पाहिलंत? हे दारू प्यायले होते?" साहेबांनी तिला विचारले.

"नाय."

मुलगा चमकून म्हणाला, "आये!"

"नाय म्हनजे नाय. दारू मला कुनी शिकवायची? तुजा बा तिच्यातच गेला. ह्यो मानूस पिऊन नव्हता."

आवारात कुजबुज झाली. साहेब माझ्याकडे वळले. "तरी एकदा चालून दाखवा." त्यांनी साखळी पसरायला सांगितली, तेहतीस फुटांची. साखळीवाल्याने ती ओढून ताणली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वरनं नका जाऊ सायेब, दसऱ्याला पुजतो आपन तिला." साहेब म्हणाले, "बरं, तिच्या कडेनं चाला."

मी उभा राहिलो. साखळीच्या कड्यांकडे पाहण्याची अनिवार इच्छा झाली. पाहिले नाही. समोर, आवाराच्या कुंपणापलीकडे, उन्हात फिकट निळा, कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. मी त्याला धरले. डोक्यावर पाटी आहे असे समजलो. तेहतीस फूट चाललो, थांबलो, सगळे अंग वळवले आणि परत आलो. एकदाही हललो नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी लेखणी उचलली आणि मग, जवळजवळ सहजच, विचारले, "मग त्या दिवशी तोल का गेला?"

हाच तो क्षण. मला म्हणता आले असते: साहेब, माझी मान दुखते, त्यामुळे दूरचे निशाण मला नीट दिसत नव्हते, मी उलट टोकावरून रेघ तपासली नाही, ही मोजणी पुन्हा व्हावी, दुसऱ्या कोणाकडून. तीन वाक्ये. सारी मनात तयार होती. पण त्यामागोमाग दुसरेही दिसले: डोळ्यांनी नालायक ठरलेला मोजणीदार, घरी बसलेला, विहिरीचा कठडा, आणि एवढ्या माणसांसमोर आपल्या दोषाविषयी बोलणे, जे मला जन्मात कधी जमले नव्हते.

मी म्हणालो, "बांध ओला होता. पाय घसरला."

साहेबांनी ते लिहून घेतले. अर्ज निकालात निघाला. दगड कायम झाला.

माणसे उठून जाऊ लागली. मुलगा आईशी न बोलता पुढे निघून गेला. ती सावकाश उठली, पदर सारखा केला, माझ्या जवळून जाताना थांबली. मला वाटले शिव्या देईल. तिने माझ्या मानेकडे पाहिले.

"बांध सुका व्हता, सायबा," ती म्हणाली, आणि गेली. सरळ, लांब कुठेतरी पाहत.

त्या रात्री पत्नीने देवापुढे साखर ठेवली. मी ती खाल्ली.

मान बरी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागले. म्हातारीने सांगितले तसेच मी वागत राहिलो, आणि नजर हळूहळू पूर्वीसारखी ठरू लागली. पावसाळा संपल्यावर मी एकदा त्या गावी गेलो, निमित्त दुसऱ्या कामाचे. मिठागरवाल्याने नवा बांध माझ्या दगडाच्या रेषेवर घातला होता. जुन्या नकाशाची नक्कल मी बरोबर नेली होती. फळी नव्हती, मांडण्याचे धैर्यही नव्हते. पावलांनी मोजले. दूरच्या टोकाला माझ्या हिशेबाने दगड चार पावले शेतात सरकलेला होता. पण पावलांची मोजणी ती काय, आणि ती करणारा कोण! कदाचित दोन असतील, कदाचित काहीच नसेल. त्या पट्टीवर खारे पाणी उभे होते आणि त्यात ढग दिसत होते.

म्हातारी पुढे चार-पाच वर्षांनी वारली असे साखळीवाल्याने सांगितले. तोही आता नाही. माझ्या बदल्या होत गेल्या, निवृत्त झालो, आणि पत्नीचे माहेर इकडचे म्हणून पुन्हा पनवेललाच येऊन राहिलो. मागच्या दारातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. डोळ्यांना दूरचे पाहण्याचा व्यायाम हवा असे हल्ली डॉक्टर सांगतात, म्हणून मी रोज सकाळी तिथे उभा राहतो, पण सुळक्याकडे पाहत नाही. त्याच्या शेजारच्या डोंगराकडे पाहतो.

म्हातारीचा मुलगा अजून त्या गावात आहे. बाजारात एकदा समोरासमोर आला. त्याने मला ओळखले नाही. त्याचे केस पिकले आहेत. आईने आपल्याविरुद्ध साक्ष का दिली हे त्याला अजून कळले नसेल असे मला वाटते, आणि ती खरे बोलली होती व मी खोटे, हे त्याला सांगू शकेल असा मी एकटाच उरलो आहे. सांगितल्याने माती गोडी होणार नाही. न सांगता मी मरेन तर तो आईला दोष देत मरेल.

मी त्याच्याकडे जावे का?